अनारशांना पाचापैकी तीन

रविवारी सकाळी साडेदहा वाजता, द्वारकेतल्या एका सोसायटीच्या सातव्या मजल्यावर, कल्पना खासनीसच्या अनारशांना पाचापैकी तीन गुण जाहीर झाले. गुण देणारे गृहस्थ तिचे पती होते. त्या वेळी दिवाणखान्यात चार मराठी घरांची माणसं, पोह्यांच्या रिकाम्या बश्या आणि समोरच्या फ्लॅटमधल्या चोप्रा आंटी हजर होत्या. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. कल्पना "बरं" म्हणाली आणि बश्या गोळा करायला लागली.

हे "बरं" हरीशने ऐकलं, पण त्याकडे लक्ष दिलं नाही. त्याचं लक्ष टीव्हीच्या पडद्यावरच्या तक्त्याकडे होतं. तक्ता त्याने स्वतः केला होता, त्यात चार रंग होते, आणि पहिल्याच फेरीत कुणी भांडलं नाही याचं त्याला मनापासून समाधान वाटत होतं.

हरीश खासनीस गुरुग्रामच्या एका फार मोठ्या कंपनीत लोकांचे पगार ठरवतो. पैसे दुसरेच कुणी देतात. कुणाला किती देणं न्याय्य आहे, तेवढं हरीशचं खातं सांगतं. दर ऑक्टोबरात तिथल्या प्रत्येक माणसाला पाचापैकी गुण मिळतात आणि त्या गुणांवर पगारवाढ, बोनस, बढती अशी वरात निघते. सगळ्यांना पाच देता येत नाहीत. सगळेच उत्तम निघाले तर उत्तम या शब्दाची किंमत काय राहिली, असं कंपनीचं म्हणणं. त्यामुळे थोडे पाचवाले, पुष्कळ चारवाले आणि काही तीनवाले असावेच लागतात. तीनच्या खालीही गुण आहेत, पण ते मिळालेली माणसं सहसा पुढच्या दिवाळीला कंपनीत दिसत नाहीत. तीन गुणांना कंपनीच्या भाषेत ‘अपेक्षेप्रमाणे’ म्हणतात. हा शब्द हरीशला फार सभ्य वाटतो. तो ज्यांच्या वाट्याला येतो त्यांचं मत कुणी विचारलेलं नाही.

अशा माणसाच्या नजरेस फराळाची व्यवस्था पडली, हे या सगळ्याचं मूळ.

सोसायटीत मराठी घरं चार. दिवाळीचा सगळा फराळ प्रत्येक घरी करणं कुणालाच जमत नाही, म्हणून फार पूर्वीच ठरलं होतं की प्रत्येकाने एकच पदार्थ करायचा, तो चारही घरांना पुरेल इतका करायचा आणि धनत्रयोदशीला डबे फिरवायचे. कल्पनाचे अनारसे. सोलापूरच्या विजयालक्ष्मीताईंच्या चकल्या. नगरच्या सुखदाच्या करंज्या. सुखदा ख्रिस्ती, त्यामुळे तिच्या करंज्या दिवाळीला सुरू व्हायच्या त्या नाताळपर्यंत पुरायच्या. आणि भालचंद्रकाकांचा चिवडा. काका केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले. काकू गेल्यावर कढई त्यांनी आपल्या हाती घेतली. त्यांच्या चिवड्यात पोहे मुबलक असत. शेंगदाणे शोधावे लागत. तो सगळे आवडीने खात, किंवा तसं काकांना सांगत.

ही व्यवस्था सुरळीत चालली होती. दसऱ्याला सोनं द्यायला सगळे खासनिसांकडे जमले तेव्हा विजयालक्ष्मीताई सहज म्हणाल्या की तांदूळ तीन दिवस भिजवणाऱ्यालाही एक डबा आणि पोहे परतणाऱ्यालाही एकच डबा, हा काही न्याय नव्हे. त्यांचा रोख चकलीच्या भाजणीकडे होता, अनारशांचं नाव त्यांनी केवळ शिष्टाचार म्हणून घेतलं. कुणीही हसून सोडून दिलं असतं. हरीश म्हणाला, "हे फेअर करता येईल."

त्या दिवशी रुचिराही तिथेच जेवायला होती. रुचिरा हरीशच्या हाताखाली काम करते, मूळची साताऱ्याची, गुरुग्रामला एका पीजीत राहते. खात्यात तिच्याइतकं डोकं कुणाला नाही, हे हरीशही मान्य करतो. या वर्षीच्या पगारवाढीच्या हिशोबात एका आख्ख्या विभागाची वाढ भलत्याच विभागाला चालली होती. ते रुचिराने पाहिलं, दुरुस्त केलं आणि हरीशच्या टेबलावर ठेवून चहा प्यायला गेली. नंतर वरच्या साहेबांनी हरीशचं अभिनंदन केलं. हरीशने तिचं नाव सांगितलं होतं, पण साहेब तेव्हा लिफ्टमध्ये शिरत होते. जेवताना तिने कल्पनाला विचारलं, "ताई, यंदा अनारसे आहेत ना? मागच्या वर्षीचा डबा मी पीजीत कुलपात ठेवला होता." कल्पनाने त्याच आठवड्यात तांदूळ भिजत घातले.

न्यायाचं काम एकदा हाती घेतलं की सल्ले आपोआप येतात. विजयालक्ष्मीताईंनी बाजारभाव बघायला सांगितलं. काकांनी ज्येष्ठतेला वेगळे गुण मागितले. चिवडा या व्यवस्थेत पहिल्या दिवसापासून आहे आणि मधे एकही वर्ष खंड पडलेला नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. निकालावर अपील करता येईल का, हेही विचारून ठेवलं. सुखदा म्हणाली, "हरीशदादा, मला कितीही द्या, फक्त सासूबाईंना सांगू नका." चोप्रा आंटींनी सुचवलं की परीक्षक बाहेरचा असावा, आणि बाहेरच्यांत सगळ्यांत जवळ त्याच राहत होत्या.

बाजारभावासाठी हरीश एका शनिवारी मेट्रोने करोल बागेत गेला. चकली मिळाली, ती मुरुक्कू या नावाने, पण ते चालण्यासारखं होतं. करंजीला गुजिया धरलं. अनारसा विचारल्यावर हलवायाने तीळ लावलेला एक गोल गोळा पुढे केला. हरीश म्हणाला, आमचा चपटा असतो, खसखस लावलेला, जाळीदार. हलवाई म्हणाला, "सरजी, अनरसा तो यही होता है. गया वाला." हरीश गोळा हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. हा आपला अनारसा नव्हे हे त्याला दिसत होतं. पण पाहणीचा नियम असा की नावाला नाव जुळवायचं, आणि नाव जुळत होतं. त्याने गोळ्याचा भाव लिहून घेतला. भाव फारच कमी होता.

ऑफिसातही तो असंच करतो. रुचिराच्या हुद्द्याचं नाव विश्लेषक आहे. बाजारात विश्लेषक म्हणून जी माणसं मिळतात ती आकडे एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात नेतात. त्यांच्या पगाराशी जुळवल्यावर रुचिराला दर वर्षी बाजारापेक्षा थोडं जास्तच मिळत असल्याचं सिद्ध होतं.

चोप्रा आंटींची परीक्षा हरीशच्याच घरी झाली. मागच्या वर्षीचा फराळ अर्थात शिल्लक नव्हता, तेव्हा आठवणीवर काम चाललं. गुजिया त्यांना माहेरची वाटली, तिला पाच. चकली चहाबरोबर चांगली लागते, पाच. चिवड्याला, म्हणजे त्यांच्या नमकीनला, चार. अनारशावर त्या थबकल्या. "वो छेद वाला बिस्कुट? अच्छा था, भाईसाहब. पर मीठा है या नमकीन, पहले समझ नहीं आया." त्यांनी तीन दिले आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून कल्पनाच्या पडद्यांची स्तुती केली.

तरीही शेवटचे गुण हरीशच्या हातात होते. चार घरांत एक पाच, दोन चार आणि एक तीन, असं त्याने ठरवलं होतं. तीन कुणाला द्यायचे हा प्रश्न होता. गुण कमी पडले तर सोऱ्या माळ्यावर टाकण्याची भाषा विजयालक्ष्मीताईंनी आधीच केली होती. काकांना या वयात तीन देणं बरं दिसलं नसतं. सुखदा सगळ्यांत नवीन, तिचा हुरूप मोडायचा नव्हता. उरलं स्वतःचं घर. तिथे तीन ठेवले की कुणाला बोट दाखवायला जागाच राहत नाही, हे लक्षात आल्यावर हरीशला एकदम मोकळं वाटलं. निष्पक्षपणाचा याहून मोठा पुरावा कोणता?

शुक्रवारी ऑफिसातही असंच मोकळं वाटलं होतं. सगळे मॅनेजर एका खोलीत बसून आपापल्या माणसांसाठी भांडत होते. धवल नावाच्या एका मुलाला तर पाच द्यावेच लागणार होते; तो दर ऑक्टोबरात दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आणून दाखवतो, त्यामुळे त्याच्या कामाकडे बघायला कुणाला सवड होत नाही. जेवणाची वेळ टळली, तिढा सुटेना. एक तीन कमी पडत होता. हरीश म्हणाला, "ठीक आहे, माझ्या टीममधून घ्या. रुचिरा समजून घेईल." सिद्धांतने, त्याच्या साहेबाने, सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. यार, परिपक्वता म्हणतात ती हीच, असंही म्हणाला.

तर रविवारी गुण जाहीर झाले. त्याला जोडून बक्षिसाचा नियमही जाहीर झाला, आणि तक्त्यात तो हिरव्या रंगात होता. पाचवाल्या घराला आपल्या आवडीच्या पदार्थाचा एक डबा जास्त. विजयालक्ष्मीताईंनी क्षणभरही विचार न करता अनारसे मागितले. चारवाल्यांना अर्धा डबा जास्त. काका आणि सुखदा दोघांनीही अनारसेच सांगितले. हरीशने तशी नोंद केली. चोप्रा आंटी निघताना दारात म्हणाल्या, "भाईसाहब, बीवी को तीन? हमारे घर में तो आज खाना नहीं बनता."

स्वयंपाक मात्र झाला. अपेक्षेप्रमाणे झाला. भात, आमटी, एक भाजी. कोशिंबीर नव्हती, लोणचं मागितल्यावर आलं. अवनीने, म्हणजे त्यांच्या अकरावीतल्या मुलीने, आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि ताट घेऊन आपल्या खोलीत गेली.

सोमवारी सकाळी कल्पना मंत्रालयात निघाली. ती केंद्र सरकारात आहे, तिथे झटणाऱ्याला आणि झोपणाऱ्याला एकाच तारखेला सारखीच वाढ मिळते, आणि त्याबद्दल हरीश तिला नेहमी चिडवतो. मेट्रोत बसल्यावर तिने चार घरांच्या ग्रुपवर एक ओळ टाकली: यंदा आमच्याकडून चिवडा.

दुपारपर्यंत हरीशने ही ओळ गमतीची आहे असं धरलं. मग विजयालक्ष्मीताईंचा फोन आला. अनारसे नसतील तर त्यांचं बक्षीस कुठलं, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. दुसरा अधिक खोल होता. भाजणी भाजायची, गिरणीतून दळून आणायची, हात भरून येईपर्यंत सोऱ्या फिरवायचा, आणि त्याला मिळतात पाच. पोहे परतायचे आणि मिळतात चार. एका गुणासाठी एवढी हाडं कोण झिजवणार? त्यांनीही चिवडाच करायचं ठरवलं होतं. संध्याकाळी सुखदाचा निरोप आला. "हरीशदादा, करंज्या मी नाताळला करतेच ना. आत्ता चिवडा चालेल. सोपा पडतो, आणि मार्क तेवढेच."

अशा रीतीने सोमवार मावळताना द्वारकेतल्या त्या सोसायटीत चार घरांत चार चिवडे ठरले होते. गेली कित्येक वर्षं हरीश कंपनीत सांगत आला होता की माणसं बक्षीस बघून काम करतात. त्याचा एवढा स्वच्छ पुरावा त्याला कधी मिळाला नव्हता, आणि तो कुणाला दाखवायची त्याची इच्छा नव्हती.

रात्रीच्या जेवणाआधी भालचंद्रकाका स्वतः आले. ते अपील करायला आले असावेत असं समजून हरीशने खुर्ची पुढे केली. काका बसले नाहीत. "हरीश, मला तीन कर," ते म्हणाले. "त्या तिघींना सगळं येतं. मला चिवड्याशिवाय काही येत नाही रे. त्यांनीही चिवडा केला तर माझ्याकडे कुणी डबा घेऊन कशाला येईल?" काका चप्पल घालता घालता थांबले आणि म्हणाले की शेंगदाणे यंदा जास्त घालीन म्हणतोय. काकूच्या वेळी जास्त असत.

मंगळवारी दिल्लीची हवा इतकी बिघडली की कंपनीने सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. हरीशने याचा उपयोग करायचं ठरवलं. फ्रिजमध्ये कल्पनाने अनारशाच्या पिठाचे गोळे करून ठेवलेले होते, ते मुरलेले होते. राहिलं होतं ते फक्त तळणं. तळण्यात एवढं काय असणार, असा विचार करणारा तो पहिला माणूस नव्हे. अवनी क्लासमधून लवकर आली होती, तिला मदतीला घेतलं.

"बाबा, हे वरचं डॉट्स डॉट्स काय असतं?"

"खसखस."

"ते तळताना वर ठेवायचं की नीचे?"

हरीशने क्षणभर विचार केला. ज्या बाजूला मेहनत जास्त, ती आधी तळली जावी, हे त्याला तर्काला धरून वाटलं. पहिला अनारसा खसखस खाली करून तुपात पडला, आणि खसखस काळी होऊन तुपात पोहायला लागली. दुसरा उलटायला गेला तर त्याचे दोन झाले. तिसऱ्याला त्याने गॅस मोठा केला, कारण मधेच सिद्धांतचा फोन आला आणि हात मोकळा हवा होता. गुणांचा तक्ता गुरुवारी संध्याकाळी बंद होणार, तुझ्या टीमचं सगळं पक्कं ना, असं सिद्धांत विचारत होता. हरीश पक्कं म्हणाला. तेवढ्यात कढईतला अनारसा पसरत पसरत कडेपर्यंत गेला आणि त्याचा भुगा झाला.

"बाबा, हा तर टूट गया."

"टूट गया नाही. अनारसा हसला म्हणतात."

अवनीने हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. तिने कढईत वाकून पाहिलं. "आपल्यावर हसला?" तिने विचारलं.

चौथ्याच्या वेळी इंटरकॉम वाजला. खाली सुरक्षारक्षक होता. सातव्या मजल्यावरून धूर येतोय अशी चोप्रा मॅडमची तक्रार आहे, बाहेर आधीच धुराबद्दल सरकारने निर्बंध लावलेत, साहेब काही जाळत आहेत का. हरीशने सांगितलं की काही जाळत नाही, मिठाई करतोय. रक्षक नम्रपणे म्हणाला, "सर, मैडम घर पे नहीं हैं क्या?"

मॅडम त्याच वेळी लिफ्टमध्ये होत्या. कल्पना आत आली, पर्स खुंटीला लावली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ओट्यावर काळा भुगा, खसखशीची रिकामी पुडी, आणि हातात झारा घेऊन तिचा नवरा. ती हसली नाही. अवनी हळूच बाहेर सटकली.

"गॅस बारीक कर," कल्पना म्हणाली.

हरीशने केला. तिने हात धुतले, कढईतलं तूप गाळून घेतलं, पुडी झटकून ताटलीत जेमतेम चिमूटभर खसखस जमवली. एक गोळा घेऊन त्यावर थापला. खसखस वर ठेवून तुपात सोडला आणि झाऱ्याने त्याच्या पाठीवर तूप उडवत राहिली. बघता बघता जाळी पडायला लागली, आधी कडेने, मग मधे. तिने तो उलटला नाही. अलगद उचलला, निथळायला उभा केला. हरीश इतकी वर्षं हे अनारसे खात आला होता. ते होताना त्याने पहिल्यांदाच पाहिले.

"पाच," तो म्हणाला.

"मार्क नको देऊस. धर." तिने अनारसा त्याच्या हातात दिला. तो गरम होता, त्याने या हातातून त्या हातात केला.

"मला तीन का दिलेस ते मला माहीत आहे," कल्पना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ती ओटा पुसत होती. "विजयालक्ष्मीताई रागावल्या असत्या. काकांना लागलं असतं. सुखदा नवीन. मी काही बोलणार नव्हते, म्हणून मला."

"घरात पाच ठेवले असते तर लोक म्हणाले असते…"

"म्हणाले असते. मग?"

ऑफिसात असतं तर हरीशने काहीतरी उत्तर काढलं असतं.

"दिल्लीतल्या पहिल्या दिवाळीला माझे सगळेच अनारसे हसले होते," ती म्हणाली. "पातेलंभर भुगा. आठवतं? तू तो दुधात घालून चमच्याने खाल्लास. चार दिवस, रोज सकाळी. चांगलं लागतं म्हणालास. तेव्हापासून करते मी हे. विजयालक्ष्मीताईंच्या बक्षिसासाठी करत नाही."

तूप हळूहळू शांत होत होतं. बाहेर खिडकीच्या काचेपाशी हवा राखाडी झाली होती, पलीकडची बिल्डिंग दिसत नव्हती.

"रुचिराला किती दिलेस?" तिने विचारलं.

हरीशने अनारसा बशीत ठेवला. "तीन."

"मग? काय म्हणाली?"

"थँक यू म्हणाली."

कल्पनाने फडकं पिळून नळावर टाकलं. "मीही बरं म्हणाले होते," ती म्हणाली, आणि उरलेल्या गोळ्यांचा डबा परत फ्रिजमध्ये ठेवून दिला.

त्या संध्याकाळी हरीशने सिद्धांतला पत्र लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात त्याने रुचिराचे गुण वाढवून त्या बदल्यात स्वतःचे कमी करावेत असं सुचवलं होतं. तो त्याने कल्पनाला वाचून दाखवला. तिने टाचणी टोचावी तसं सांगितलं की हे पुन्हा तेच झालं, आपल्याच घरचं माणूस धरून कापलं, फक्त या वेळी तो स्वतः. रुचिराला वाढवायचं म्हणून दुसऱ्या कुणाला कमी करायलाच हवं असं कुठे आहे, तिने काय केलं तेवढं लिही. दुसरा मसुदा लहान झाला. रुचिराने या वर्षी काय केलं ते त्याने लिहिलं, विभागाच्या वाढीची चूक कुणी पकडली हे लिहिलं, ते वरच्या साहेबांना लिफ्टच्या दारात सांगून पुरेसं नव्हतं हेही लिहिलं. तिच्या हुद्द्याचं नाव बाजारातल्या भलत्याच कामाशी जुळवलं जातं, असा एक परिच्छेद होता. त्यात करोल बागेचा उल्लेख होता, तो त्याने शेवटी काढून टाकला.

सिद्धांतचा फोन बुधवारी आला. तो चिडलेला नव्हता, काळजीत होता. हरीश, सब ठीक ना, घरी काही झालंय का, असं त्याने आधी विचारलं. मग तो म्हणाला की अपवाद करता येतो, पण नियमाप्रमाणे. आणि नियम असा होता की माणूस कंपनी सोडून जाण्याचा धोका असल्याशिवाय ठरलेले गुण उघडायचे नाहीत. धोक्याचा पुरावा म्हणून दुसरीकडचं बोलावणं जोडायचं.

"हा नियम कुणी लिहिला?" हरीशने विचारलं.

"तूच लिहिलास यार," सिद्धांत म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी. तेव्हा सगळ्यांना फार आवडला होता."

हरीशला आठवलं. फेअर म्हणूनच लिहिला होता, म्हणजे प्रत्येक जण उगाच मागायला येणार नाही. न मागणाऱ्याचं काय, हे त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं, कारण न मागणारे त्या बैठकीला नव्हते.

मग त्याने रुचिराला फोन केला. इतका अवघड फोन त्याने बऱ्याच दिवसांत केला नव्हता. कंपनीचा पगार ठरवणारा माणूस आपल्या सर्वांत चांगल्या सहकाऱ्याला विचारत होता की तुझ्याकडे दुसऱ्या नोकरीचं बोलावणं आहे का, आणि असावं अशी त्याची मनातून इच्छा होती, आणि नसावं अशीही. रुचिरा म्हणाली, "नाही सर. मी कुठे बघितलंच नाही. मला हे काम आवडतं." आणि तिने विचारलं, "बघायला हवं होतं का?"

हरीश म्हणाला की नाही, तसं नाही. मग त्याने सांगितलं की चूक त्याची आहे आणि त्याने वर लिहिलं आहे, पुरावा नसला तरी लिहिलं आहे. रुचिरा पुन्हा थँक यू म्हणाली. या वेळचं थँक यू वेगळं होतं की तेच, हे तो कल्पनाला नीट सांगू शकला नाही. कल्पनाने फक्त विचारलं की दिवाळीला ती साताऱ्याला जाणार आहे का. तिकीट मिळालेलं नाही हे कळल्यावर म्हणाली, मग तिला इकडे बोलाव.

फराळाचा तक्ता हरीशने ग्रुपवरून काढला. त्याने लिहिलं की गुण रद्द, ज्याने त्याने मनाला येईल ते करावं, आणि चूक आपली. विजयालक्ष्मीताईंनी यावर हात जोडलेलं एक चित्र पाठवलं. ते माफी म्हणून होतं की निरोप म्हणून, ते कळलं नाही, पण त्यांच्या घरून भाजणीचा वास येत असल्याचं अवनीने लिफ्टमधून येताना सांगितलं. सुखदा अजून ठरवते आहे. भालचंद्रकाकांनी शेंगदाणे आणलेत. जरा जास्तच आणले, कुणाला हवे असल्यास त्यांच्याकडे मिळतील.

गुरुवारी संध्याकाळी कंपनीचा तक्ता बंद व्हायची वेळ टळून गेली. इतर सगळ्यांच्या नावापुढे निकाल आला होता. रुचिराच्या नावापुढे ‘विचाराधीन’ असं होतं. हरीशने पान पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं, ते बदललं नाही. त्याच्या खालीच तिचा एक अर्ज मंजुरीसाठी येऊन पडला होता: शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा, कारण वैयक्तिक. रुचिराने याआधी अशी रजा कधी घेतली नव्हती. हरीशला तिचं ‘बघायला हवं होतं का’ आठवलं; त्याने ती मंजूर केली आणि कारण विचारलं नाही. दिवाळीला जेवायला येण्याबद्दल तिचं उत्तर आलं होतं, की यायचं नक्की आहे, अनारसे असले तर डबाही आणते.

ते त्याने स्वयंपाकघरात जाऊन कल्पनाला वाचून दाखवलं. ती कोथिंबीर निवडत होती. तिने ऐकलं आणि मान हलवली. पिठाचा डबा फ्रिजमध्ये होता तिथेच होता. ऑफिसातून येताना तिने खसखशीची नवी पुडी आणली होती. ती ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेली आहे. पुडी अजून फोडलेली नाही.